नानांच्या गाडीचे दिवे

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाडीचे दिवे कधी पुरलेच नाहीत. आमच्या घराची जेवणं, झोपणं, सणवार, पाहुणेरावळे सगळं त्या दोन दिव्यांच्या तालावर चालायचं, असा एक काळ होता. त्याबद्दल आज लिहायला बसले आहे, तर इतकी वर्षं लोटूनही पहिल्याच ओळीला कपाळावर आठी चढली. नातवाच्या नव्या गाडीला अंधार पडला की आपोआप दिवे लागतात. तो कौतुकाने दाखवतो आणि मी म्हणते, "बरं आहे बाबा, तुझं तू बघ." त्याला वाटतं आजीला यंत्रांतलं काही कळत नाही. त्याला काय सांगू, की मॅट्रिकच्या अभ्यासाच्या वेळी माझ्या हातात भूमितीपेक्षा जास्त वेळ दिव्यांच्या काचा असायच्या!

आम्ही जळगावला एका जिनिंग फॅक्टरीच्या आवारात राहत होतो. नाना तिथे कापसाचे पारखी. कापसाची चिमूट दोन्ही हातांनी हलकेच ओढून ते धाग्याची लांबी सांगत, आणि त्यांच्या शब्दावर शेठजी गाड्याच्या गाड्या कापूस घेत. हंगामात जिनाची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राची, घरघर दिवसभर इतकी चालायची, की ती थांबली की आम्ही दचकून एकमेकांकडे बघायचो. कापसाचे तंतू सगळीकडे. वरणावर, दह्यावर, वेणीत, देवाच्या तसबिरीमागे. आई कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी थापताना मधेच तव्यावर फुंकर मारायची. आलेल्या पाहुण्याला ती काही मंत्र घालतेय असं वाटायचं, पण ती तंतू उडवत असायची. आई शिरपूरकडची. चारचौघांत ती आमच्यासारखंच बोलायची, पण राग आला की तिच्या तोंडून अहिराणी सुटायची. दिव्यांच्या त्या दोन वर्षांत आमच्या घरात अहिराणी फारच बोलली गेली.

गाडी शेठजींची होती. जिनिंगचा गोरा मॅनेजर देश सोडून गेला तेव्हा ती मागे राहिली. शेठजींना घोडागाडीच बरी वाटायची, म्हणून गावोगाव कापूस बघायला जाण्यासाठी ती त्यांनी नानांच्या हवाली केली. लांब नाकाची, काळी, चढावर खोकणारी. समोर एका आडव्या दांडीवर बसवलेले पातेल्याएवढे दोन दिवे. ते लावले की पिवळट उजेड पडायचा, चुलीतला निखारा राखेतून दिसावा तसा. ते दिवे मंद होते, हे खरंच. सुरुवातीला नानांचं काही चुकत होतं असं कुणीही म्हणणार नाही.

पहिल्यांदा त्यांनी दिव्यांच्या आतल्या वाट्या काढल्या. उजेड पुढे फेकण्यासाठी आत चांदीचा मुलामा दिलेल्या खोलगट वाट्या असत. त्या काळ्या पडल्या होत्या. नाना त्या घेऊन सराफ बाजारात गेले. सराफाला आधी वाटलं, नैवेद्याच्या वाट्या आहेत. गाडीच्या दिव्याच्या आहेत म्हटल्यावर त्याने हातच जोडले. पण नाना ऐकतात कसले! आईचे जुने पैंजण वापरात नव्हते, ते नानांनी नेऊन दिले आणि घरी आल्यावर सांगितलं. आईने कंदिलाची वात वर केली. मग म्हणाली, "घरमा कंदील, आन् गाडीले चांदी!"

वाट्या लखलखीत होऊन आल्या. आता उजेड नीट समोर पडतो का, हे पाहायला भिंत हवी होती. स्वयंपाकघराच्या मागची भिंत सोयीची होती, पण तिच्यावर आईच्या गोवऱ्या होत्या. एका दुपारी त्या सगळ्या उतरवून नानांनी भिंतीला चुना मारून घेतला. आई विहिरीवरून परतली, तिने डोक्यावरचा हंडाही उतरवला नाही. "मन्या गवऱ्या कोनी काढ्यात?" तिने विचारलं. नाना कोळशाने पांढऱ्या भिंतीवर फुल्या काढण्यात गुंतले होते. मान न वळवता म्हणाले, "त्या कोपऱ्यात आहेत सगळ्या. एकही मोडली नाही."

झालं. त्यानंतर रोज दिवेलागणीला आमच्या घरी हा खेळ. मी चालकाच्या जागेवर बसायचे, कारण धाकटा वसंता क्लचपर्यंत पाय पोचण्याइतका मोठा नव्हता आणि आईने त्या गाडीला हात लावायचा नाही अशी शपथच घेतली होती. नाना भिंतीजवळ उभे. "कुसुम, मागे घे! थांब. आता पुढे. अगं, हळू!" भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडायचे. नाना त्यांच्याकडे कधी जवळून, कधी लांबून बघत. स्क्रू थोडा आवळ, थोडा सैल कर. उजेडाला किडे यायचे, किड्यांना पाली यायच्या, आवारातली पोरं येऊन भिंतीवर सावल्यांचे ससे आणि कुत्रे करायची. आतून आईची हाक यायची, "भरीत थंड व्हयनं!" तरी नानांचं "एकदाच, शेवटचं" संपायचं नाही. मग एकदम ते खूश होत. "हं! आता कसा लख्ख पडला!" आम्ही सुटलो म्हणून जेवायला बसायचो. दुसऱ्या दिवशी ते पाचोऱ्याकडून अंधार पडताना परत यायचे आणि दारातच चपला फेकत म्हणायचे, "काही उपयोग नाही. रस्त्यावर काही दिसत नाही त्या दिव्यांनी."

मग बल्ब बदलले. मोठे बल्ब घातल्यावर तारा तापायला लागल्या आणि गाडीतून जळक्या रबराचा वास येऊ लागला. मग तारा बदलल्या. तारा बदलल्यावर बॅटरी पुरेना. युसूफ मिस्त्री म्हणून एक वयस्क मिस्त्री गाडीचं काम बघायचे. तोंडात सदा पान, नानांचा फार मान ठेवायचे, पण त्यांचाही धीर सुटला. "नाना," ते एकदा म्हणाले, "अब क्या करूं? आसमानातला चांद काढून बसवू काय?" नाना म्हणाले, "मिळत असेल तर बसवा." आणि खरोखरच, लष्कराच्या मोडीत काढलेल्या सामानातून त्यांनी एका ट्रकचे दिवे पैदा केले. ते दुप्पट जोराच्या विजेवर चालणारे. म्हणजे आणखी एक बॅटरी आली. तिला नाकाडाखाली जागा नव्हती, म्हणून ती मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी पक्की केली. तेव्हापासून मागे बसणाऱ्याने मांडी घालूनच बसायचं. नवी वीज हॉर्नला झेपली नाही. तो पहिल्याच दाबाला असा काही किंचाळला, की आवारातले बैल दावं तोडून पळाले, आणि त्यानंतर तो कायमचा मुका झाला. पण दिवे? दिवे असे पेटले की भिंतीकडे बघवेना. कोळशाच्या फुल्या त्यात विरघळून गेल्यासारख्या झाल्या. शेजारच्या काकू मुलांना घेऊन बघायला आल्या. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

चारच दिवसांत नाना परत म्हणाले, "कमीच पडतात."

त्या वेळी मला त्यांचा इतका राग यायचा, की मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. दिव्यांपुरताच राग नव्हता तो. घरात त्यांचं चिडणंही वाढलं होतं. अंगणात बादली दिसली नाही, त्यांचा पाय लागला, की घर डोक्यावर घ्यायचे. "वाटेत कोणी ठेवली ही?" बादली वाटेत नसायची. भिंतीकडेला असायची, जिथे रोज असते तिथेच. संध्याकाळी उंबऱ्याला ठेच लागली की उंबऱ्याला दोष. वसंता दारात बसला असताना त्याच्या बोटांवर पाय पडला तेव्हा वसंतालाच बोलणी बसली. आई म्हणायची, माणूस म्हातारं व्हायच्या आधीच तिरसट झालं. मलाही तसंच वाटायचं.

त्या हिवाळ्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मावशीने आम्हाला धुळ्याला बोलावलं. नानांना तिथल्या बाजारात काम होतंच, म्हणून वसंताला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही तिघे सकाळी निघालो. मागे आई मांडी घालून, मांडीवर तिळगुळाचा डबा. मावशीने शेवभाजी केली होती, तिखटजाळ, वर तेलाचा तवंग. बायका जमल्या, वाण लुटून झालं, गप्पा रंगल्या. नाना बाजारातून लवकरच आले आणि ओट्यावर येऊन उभे राहिले. "निघू या." आई म्हणाली, येते. थोड्या वेळाने पुन्हा, "ऊन उतरतंय, निघू या." आईला बहीण वर्षाने भेटली होती. ती आतूनच सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "इतला दिवा लावात ना गाडीले? मंग आते अंधारले काय घाबरतस?" बायका खळाळून हसल्या. मीही हसले. नाना वळले. खाली जाऊन गाडीच्या काचा पुसत राहिले.

निघालो तेव्हा सूर्य टेकला होता. पारोळा मागे पडेपर्यंत अंधार झाला आणि नानांनी दिवे लावले. अंधाऱ्या रस्त्यावरून त्या दिव्यांच्या मागे बसून मी पहिल्यांदाच जात होते. आजवर मी त्यांना फक्त आमच्या भिंतीवर पाहिलं होतं. मला तर ते दृश्य फारच आवडलं. दोन्ही बाजूंचे निंब लांबवर उजळून निघत होते, रस्त्यावरचा दगडन् दगड दिसत होता, एक कोल्हा रस्ता ओलांडताना थबकला तर त्याचे डोळे हिरवे चमकले. मी म्हणणारच होते, "नाना, किती छान उजेड आहे हो." पण मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मान पुढे काढून, स्टीअरिंगला जवळजवळ छाती लावून बसले होते. दोन्ही हातांच्या शिरा फुगलेल्या. गाडी माणसाच्या चालीने चालली होती.

समोरून कापसाची गाडी येत होती, बैलगाडी. आमच्या उजेडात तिच्यावरचा कापूस पांढराशुभ्र दिसत होता आणि बैलांची शिंगं, गळ्यातल्या घंटा, सगळं स्पष्ट. नाना सरळ तिच्या दिशेने चालले होते. मला वाटलं, वळवतील. आता वळवतील. मग मी ओरडले, "नाना, बैल!" त्यांनी दचकून ब्रेक दाबला आणि कुठे वळायचं ते न कळल्यासारखं स्टीअरिंग फिरवलं. गाडीचं एक चाक कडेच्या मुरमात उतरलं, आईच्या मांडीवरचा डबा उडाला, आणि सगळं थांबलं तेव्हा एका बैलाचा श्वास दिव्यापुढे धुक्यासारखा पसरला होता.

गाडीवान उडी मारून खाली आला. बैल सांभाळून झाल्यावर तो नानांच्या खिडकीशी आला आणि कडाडला, "डोया फुटनात का तुम्हना? इतला लख्ख उजेड शे, आन् बैल दिखत नही?"

"दिवे गेले होते रे," नाना म्हणाले. "एकदम गेले."

गाडीवानाने आमच्या दिव्यांकडे पाहिलं. त्या उजेडात त्याच्या फेट्याचा धागान् धागा दिसत होता. "कथा गयात? चालू तं शेतस!" असं म्हणून तो नानांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज उतरला. "सांभाईसन जा, भाऊ," म्हणून तो बैलांकडे गेला आणि त्याची गाडी चाकं करकरवत आमच्या बाजूने निघून गेली.

 इंजिन चालू होतं. मी विचारलं, "नाना, समोर काय दिसतंय तुम्हाला?"

"परीक्षा घेतेस का माझी?"

"सांगा ना."

ते म्हणाले, "मधे थोडा उजेड. नळीतून बघावं तसा. बाकी काळं." आणि मग, जणू तेच महत्त्वाचं होतं अशा घाईने, "भिंतीवर नीट दिसतो गं. भिंतीवर लख्ख दिसतो. रस्त्यावर आला की कुठे जातो कोण जाणे."

"तुम्हाला खरंच वाटत होतं, दिवेच कमी आहेत?"

"पहिलं वर्षभर खरंच वाटत होतं," नाना म्हणाले. "नंतर वाटून घ्यायचो."

मागून तिळगूळ वेचण्याचा आवाज येत होता तो थांबला. मी मनात म्हटलं, आता आई रडणार. आई रडली नाही. ती भडकली. तिला तसं भडकलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "दोन वरीस!" ती म्हणाली. "दोन वरीस माले येडी बनाडं तुम्ही. मन्या गवऱ्या गयात, पैंजण गयात, हाई बॅटरी मन्हा पायमा आनी ठेवी. माले एक सबद सांगता नही उना? मी काय परकी शे?" नाना म्हणाले, "शेठजींना कळलं असतं. डोळे गेलेला पारखी कोण ठेवतो?" आई म्हणाली, "मी काय शेठजीले सांगाले जास का?"  मग ती पुढे वाकली आणि इतका वेळ भांडत असलेल्या त्याच बाईने नानांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यासमोर तिने त्यांना कधी हात लावला नव्हता. ती हळूच म्हणाली, "आन् मी आज बठ्ठ्या बायास्मा हासनू तुम्हले."

थंडी वाढत होती. रस्त्यावर थांबून चालणार नव्हतं आणि एरंडोलपर्यंत मदत मिळेल असं गाव नव्हतं. मी म्हटलं, "नाना, इकडे सरका." त्यांनी विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "मी चालवते." मला फक्त पुढचा पहिला गिअर आणि मागचा गिअर येत होता. आमच्या भिंतीसमोर त्याहून जास्त लागतच नव्हतं. आई म्हणाली, पोर गाडी चालवणार? मग स्वतःच म्हणाली, "चालवू दे. तिले दिखस तरी."

मागचा गिअर टाकून मी चाक मुरमातून काढलं. तेवढं मला दोन वर्षांच्या सरावाने झकास जमलं. रस्त्यावर आल्यावर मात्र पहिल्याच्या पुढे काय करायचं ते कळेना. नानांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं भीतीने, पण ते इंजिनचा आवाज ऐकत होते. "आता क्लच. दुसरा टाक. थांब, ओरडू दे तिला जरा. हं, आता." गिअर करकरला की ते तोंड वेडंवाकडं करायचे, जणू मी त्यांचा दात उपटत होते. "अगं, कापूस पिंजतेस का?" भर संकटात त्यांना हे सुचत होतं! मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "नाना, आता एक शब्द बोललात तर खाली उतरवीन." ते गप्प बसले. पण लगेच म्हणाले, "तिसरा टाक."

एरंडोलला चहाच्या दुकानात थांबलो. चालकाच्या जागेवरून मुलगी उतरलेली बघून तिथली माणसं बाकावरून उठली. आईने पदर खोचला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "तीन चहा. साखर जास्त." तिथून घरापर्यंत मी कशी आले ते मला नीट आठवत नाही. हाताच्या बोटांना दुसऱ्या दिवशी वाटी धरवेना, एवढं आठवतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा लावून खूप वेळ पाहिलं आणि यावर औषध नाही म्हणाले. संध्याकाळी दिसत नाही, कडेचं दिसत नाही, समोरचं मात्र दिवसा बरीच वर्षं टिकेल. बादली, उंबरा, वसंताची बोटं, सगळ्यांचा उलगडा झाला. उलगडा झाला म्हणून चीड गेली असं मात्र नाही. मला वाटायचं, एवढा हुशार माणूस, लोकांच्या कापसातली खोट चिमटीत ओळखणारा, आणि ट्रकचे दिवे आणतो? या दुखण्याचं लांबलचक नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ते कळल्यावरही असंच वाटलं.

शेठजींना नानांनी स्वतः जाऊन सांगितलं. आईने त्यांना सकाळीच आंघोळीचं पाणी काढून दिलं, धुतलेलं धोतर पुढे ठेवलं आणि म्हणाली, "जा." शेठजींनी विचारलं, "नाना, पारख उजेडातच करायची असते ना? मग?" त्यांची अडचण एकच होती, गावोगाव गाडी कोण नेणार. नाना म्हणाले, माझी मुलगी. शेठजी आधी हसले, मग त्यांनी घोडागाडीवाल्याला बोलावून विचारलं की हे चालतं का. तो म्हणाला, बाईमाणसाच्या हाताला घोडा बुजत नाही, तर मोटर कशी बुजेल. आणि मी गाडी चालवू लागले. मॅट्रिक झाल्यावर पुढचे दोन हंगाम, लग्न होईपर्यंत. गावात शिरलं की पोरं मागे धावायची. एका गावच्या पाटलाने तर मुलीने आणलेला पारखी नको म्हणून माल दाखवायचं नाकारलं. नाना गाडीतून न उतरताच म्हणाले, "चला परत." तेव्हा तोच धावत आला.

परतताना अंधार पडला की नानांचं सुरू व्हायचं. "काय दिसतंय?" मी म्हणायचे, रस्ता. "रस्ता कसला? नीट सांग." मग मी सांगत जायचे. डावीकडे विहीर, बाई भारा घेऊन चालली आहे, पुढे वळण, वळणावर मोठा निंब, त्याच्यापुढे बांध. त्यांना ते फार हवं असायचं. मी दमलेली असायचे, हात दुखायचे, आणि पाचोऱ्याचा रस्ता आठवड्यातून कितीदा तरी तोच. हळूहळू मी न बघताच सांगू लागले. विहीर आली नाना. वळण आलं. निंब आला.

एका संध्याकाळी "निंब आला" म्हणताच ते एकदम म्हणाले, "थांबव गाडी."

मी थांबवली.

"तो निंब मागच्या आठवड्यात तोडला. सकाळी जाताना तिथे फांद्या भरत होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तू रस्ता बघतेस की पाढे म्हणतेस?"

मी समोर पाहिलं. वळणावर आकाश मोकळं होतं. दिव्यांच्या उजेडात नुसता ताजा बुंधा, आणि त्याच्यावर घोंगडी पांघरून बसलेला एक माणूस, आमच्याकडे हात आडवा धरून बघणारा.

"बुंधा आहे नाना," मी म्हटलं. "आणि त्यावर एक माणूस बसलाय. विडी ओढतोय. उजेडाने त्याचे डोळे दिपलेत."

नाना मागे रेलून बसले.

"हं," ते म्हणाले. "आता कसं."